पानावरचे परभक्षी कोळी मोजायचे कसे, आणि ते वाढताहेत हे ओळखायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन ठिपक्यांच्या कोळीवर (ही पिकावरची बारीक ‘माइट’ कीड; घरात दिसणारा कोळी नव्हे) उपाय म्हणून झाडांवर फायटोसियुलस पर्सिमिलिस हा परभक्षी, म्हणजे या किडीला खाणारा, कोळी सोडला आहे. दर आठवड्याला भिंगाने पानं तपासतो, पण आकडा कधी पानामागे दोन येतो, कधी शून्य. प्रयोगशाळेत पानाच्या चकतीवर मादी रोज तीन-चार अंडी घालताना दिसते, मग झाडावर तशी वाढ का दिसत नाही? घनता आणि प्रजनन मोजायची खात्रीची पद्धत कोणती?

तुमचं मोजणं चुकलेलं नाही, अपुरं आहे. तुम्ही पळणारे कोळी मोजताय आणि अंडी सोडून देताय. बरीच वर्षं हेच काम करून माझं मत असं झालंय की प्रौढ आणि अंडी यांपैकी एकच मोजायची मुभा असेल, तर अंडी मोजावीत. प्रौढ पळतो, पान तोडताना खाली पडतो, शिरेच्या बेचक्यात दडून बसतो. अंडं मात्र घातलं तिथेच राहतं. आणि गेल्या दोन-तीन दिवसांत या पानावर एका मादीला पोटभर खायला मिळालं होतं, ही बातमीही तेच देतं.

आधी ओळख पक्की हवी. पान उलटा आणि दहापट भिंगाने मधल्या शिरेपासून कडेकडे सरका. अंड्यांसाठी पंधरा-वीसपट भिंग बरं. किडीच्या कोळीचं अंडं अगदी गोल, साधारण ०.१३ मिलिमीटरचं, काचेच्या मण्यासारखं असतं आणि पुढे पिवळसर होतं. पर्सिमिलिसचं अंडं लांबट गोल, ०.२ मिलिमीटरच्या आसपास, किंचित गुलाबी-नारिंगी झाक असलेलं. एकदा दोन्ही शेजारी-शेजारी पाहिली की परत चूक होत नाही; आकारमानात परभक्ष्याचं अंडं दुपटीहून जास्त भरतं. मादी अर्ध्या मिलिमीटरची, नासपतीच्या आकाराची, चकचकीत नारिंगी. पुढचे दोन पाय चाचपडत चालते. शंका आली तर पानावर हलकेच उबदार श्वास सोडा. परभक्षी लगेच धावायला लागतो, किडीचा कोळी जाळीत तसाच बसून राहतो.

अंड्यातून सहा पायांचं पिल्लू निघतं. पर्सिमिलिसमध्ये ते काही खात नाही. त्यानंतर आठ पायांच्या दोन अवस्था आणि मग प्रौढ. २५ अंश सेल्सिअसला अंडं ते प्रौढ हा प्रवास पाचेक दिवसांत संपतो. शेताच्या भिंगातून नर आणि शेवटच्या अवस्थेतलं पिल्लू वेगळं करता येत नाही, आणि जो करता येतं म्हणतो तो बहुधा अंदाज लिहीत असतो. म्हणून वहीत तीनच रकाने ठेवा: अंडी, माद्या, आणि ‘बाकी सगळे’. हे तीन रकाने प्रामाणिकपणे भरले तरी पुढचं बरंच गणित जमतं.

इथे माझी एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात मी कोंड्यात मिसळून येणारा निओसियुलस क्युक्युमेरिस हा दुसरा परभक्षी कोळी सोडला होता. चार दिवसांनी पानापानावर कोळीच कोळी. मी खुशीत आकडे लिहून ठेवले. नंतर काही नमुने सूक्ष्मदर्शकाखाली घेतले, तर निम्म्याहून जास्त निघाले टायरोफॅगस, म्हणजे परभक्ष्याला खाद्य म्हणून कोंड्यात वाढवलेले कोळी! त्या आठवड्याची वही फाडावी लागली. ते पांढरट, मंद चालीचे असतात, मागच्या बाजूला लांब केस लोंबतात. पुड्या किंवा कोंडा वापरत असाल तर हे मनात ठेवा, आणि दर काही आठवड्यांनी वीसेक प्रौढ ७० टक्के इथेनॉलमध्ये टाकून ओळख पटवून घ्या. प्रजात पक्की करायला काचपट्टीवर चढवून पाठीवरच्या केसांची रचना आणि मादीची शुक्राणूपिशवी बघावी लागते. ते काम भिंगाचं नाही.

आता ‘पानामागे दोन’ या तुमच्या आकड्याकडे येऊ. कुठल्या पानामागे? काकडीचं एक पान गुलाबाच्या पर्णिकेच्या कितीतरी पट मोठं. एकाच झाडावर खालचं जून पान आणि शेंड्याचं कोवळं पान यांचा आकडा एकत्र करून काढलेली सरासरी ही कुणाचीच सरासरी नसते. एकक आधी ठरवा आणि हंगामभर बदलू नका: एक पर्णिका, एक पान, किंवा पानाचं दर चौरस सेंटिमीटर क्षेत्र. वेगवेगळ्या पिकांची किंवा वाणांची तुलना करायची असेल तरच क्षेत्राच्या भानगडीत पडा. मग झाडाचे खालचा, मधला, वरचा असे तीन थर करा आणि प्रत्येक थरातून सारखीच पानं घ्या. पानं निवडताना डोळा नेहमी पिवळे ठिपके पडलेल्या पानाकडे जातो आणि हात त्यामागे जातो. ते टाळायला आधीच ठरवा: दर दहाव्या झाडाचं वरून पाचवं पान, मग ते स्वच्छ असो वा जाळीने भरलेलं. सोडण्याच्या जागेच्या लगतची झाडं वेगळी मोजा. तिथला आकडा तुमच्या हाताने पडलेला असतो.

जागेवर, पान न तोडता मोजणं मला सगळ्यात आवडतं, कारण तेच पान पुढच्या आठवड्यातही बघता येतं. पण वेळ लागतो आणि मान दुखते. पान तोडायचंच असेल तर झटका न देता कात्रीने देठ कापा, पान थेट झिपच्या पिशवीत सरकवा आणि पिशवी थंड डब्यात ठेवा. थंडाव्यात कोळी मंदावतात, एकमेकांना खात नाहीत, अंडी उबत नाहीत. पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटलेले कोळीही मोजायचे असतात. नवे लोक हमखास विसरतात.

पानं शेकड्यांनी असतील तर ब्रश-यंत्र असतं. हेंडरसन आणि मॅकबर्नी यांनी लिंबूवर्गीय झाडांवरच्या कोळ्यांसाठी १९४३ मध्ये ही पद्धत मांडली, आणि आजही ती तशीच चालते: उलट दिशांनी फिरणाऱ्या दोन ब्रशांमधून पान जातं, कोळी खालच्या चिकट काचेवर पडतात, काचेचे ठरावीक भाग सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. गुळगुळीत पानांवर छान. लवदार पानांवर अंडी केसांतच अडकून राहतात, आणि नाजूक पिल्लं चिरडतात. दुसरा मार्ग धुण्याचा: पानं ७० टक्के इथेनॉलमध्ये किंवा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात हलवायची, पाणी आधी जाड चाळणीतून आणि मग ७५ मायक्रॉनच्या आसपासच्या बारीक चाळणीतून सोडायचं, बारीक चाळणीत राहिलेलं बशीत घेऊन मोजायचं. प्रौढ चांगले निघतात, अंडी पुन्हा कमी. फांदी झटकून खाली धरलेल्या काळ्या ट्रेवर पडलेले मोजणं हा तिसरा प्रकार. मोठ्या झाडांवर फिरत्या परभक्ष्यांचा चढ-उतार कळायला तो पुरतो, पण त्यातून ‘पानामागे किती’ हे कधीच काढू नका.

पद्धत कुठलीही घ्या, ती किती पकडते हे एकदा तपासा. वीस पानं आधी सूक्ष्मदर्शकाखाली मोजा, मग तीच धुवा किंवा ब्रशमधून काढा. शंभरातले ऐंशी प्रौढ आणि पस्तीस अंडी हाती आली, तर तुम्हाला दोन वेगळे दुरुस्तीचे गुणक मिळाले. एकच गुणक सगळ्या अवस्थांना लावणं ही या कामातली सर्रास चूक आहे. तिच्यामुळे अंडी-मादी गुणोत्तर पार बिघडतं, आणि पुढे तेच आपल्याला हवं आहे.

पानांच्या शिरांच्या बेचक्यात केसांचे झुपके किंवा बारीक खळगे असतील तर तिथे खास बघा. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लुंडस्ट्रोम यांनी १८८७ मध्ये या जागांना नाव दिलं, ‘डोमेशिया’, म्हणजे जणू छोटी घरं. अँब्लिसियस किंवा टायफ्लोड्रोमससारखे परभक्षी तिथे दडतात आणि अंडीही तिथेच घालतात. सुईच्या टोकाने केस बाजूला केले की एका बेचक्यात तीन-चार अंडी गठ्ठ्याने सापडतात. वरवर भिंग फिरवणाऱ्याला तेच पान रिकामं दिसतं. पर्सिमिलिस मात्र किडीच्या जाळीत राहणारा, त्याची अंडी किडीच्या वसाहतीतच शोधा.

कधी दोन, कधी शून्य, हे का होतं? परभक्षी कोळी पानांवर समान पसरत नाहीत, थव्याने बसतात. किडीने खाल्लेलं पान विशिष्ट वास सोडतं, पर्सिमिलिस त्या वासाच्या मागावर येतो, आणि जिथे खाद्य तिथे अंडी. त्यामुळे दहा पानांपैकी आठ रिकामी आणि दोनांवर दहा-दहा हे नेहमीचं दृश्य. अशा वेळी दहा-पंधरा पानांची सरासरी नशिबावर चालते.

किती पानं घ्यावीत याला हिशेब आहे. टेलर यांनी १९६१ मध्ये दाखवलेल्या संबंधानुसार प्रचरण (पानापानांतले आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) = अ × (सरासरी)चा ब-वा घात. ‘ब’ एकाच्या वर जितका जास्त, तितका थवा दाट. तुमच्या स्वतःच्या आठ-दहा मोजण्यांची सरासरी आणि प्रचरण यांचे लॉगरिदम आलेखावर टाकले की ‘अ’ आणि ‘ब’ मिळतात. मग पानांची संख्या = अ × (सरासरी)चा (ब − २)वा घात ÷ (त्रुटी)चा वर्ग. त्रुटी म्हणजे प्रमाण त्रुटी भागिले सरासरी. शेतातल्या निर्णयासाठी ०.२५ चालते. उदाहरणापुरतं अ = २, ब = १.३ धरा. पानामागे सरासरी २ परभक्षी असतील तर २० पानं पुरतात. सरासरी ०.५ असेल तर ५२ लागतात. आणि ०.१ असेल तर १६०. म्हणजे परभक्षी कमी असताना, जेव्हा आपल्याला ‘टिकले का?’ हे कळायची सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हाच काम सगळ्यात वाढतं. सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात पंधरा पानं बघून ‘परभक्षी मेले’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांना मी हा हिशेब दाखवतो.

एवढी पानं मोजत बसायला वेळ नसेल तर मोजूच नका. फक्त आहे की नाही ते लिहा. शंभर पानांपैकी किती पानांवर किमान एक परभक्षी (कुठलीही अवस्था) आहे? कोळी यदृच्छेने विखुरलेले असते तर सरासरी ०.५ ला ३९ टक्के पानं व्यापलेली दिसली असती. थव्याने बसल्यामुळे तीच सरासरी असताना कदाचित २९ टक्केच दिसतात. म्हणून व्यापलेल्या पानांच्या टक्क्यांवरून सरासरी काढण्याचं समीकरण प्रत्येक पीक आणि प्रत्येक प्रजातीला आपापलं बसवावं लागतं; दुसऱ्याचं उसनं घेऊ नका. ही पद्धत कमी घनतेला उत्तम. ऐंशी-नव्वद टक्के पानं व्यापली की ती आंधळी होते, कारण त्यापुढे संख्या दुप्पट झाली तरी टक्का जेमतेम हलतो.

मी याच्या जोडीला आणखी एक आकडा लिहितो, आणि व्यवहारात तोच जास्त उपयोगी पडतो: किडीचे कोळी असलेल्या पानांपैकी किती पानांवर परभक्षीही आहे. एकूण सरासरी कितीही छान दिसो, परभक्षी एका कोपऱ्यात आणि कीड दुसऱ्या कोपऱ्यात असेल तर उपयोग शून्य. हा आकडा दर आठवड्याला चढत असेल तर मी फवारणीचा विचार बाजूला ठेवतो.

आता प्रजनन. झाडावर ते मोजायचा सोपा मार्ग अंडी-मादी गुणोत्तराचा. समजा तुम्ही ६० पानं पाहिली: माद्या २४, अंडी ७२, बाकी ३७. मादीमागे ३ अंडी. अंडं उबायला २० अंशांना साधारण तीन दिवस लागतात, २५ अंशांना दोन. म्हणजे कुठल्याही क्षणी पानावर दिसणारी अंडी ही गेल्या तेवढ्या दिवसांचीच शिल्लक असते. सरासरी तापमान २० असेल तर ३ ÷ ३, म्हणजे मादीमागे रोज एक अंडं. २५ असेल तर दीड. तापमान मात्र पानांच्या गर्दीतलं घ्या, छताखाली टांगलेल्या तापमापकाचं नको. बाष्प सोडणारं पान बऱ्याचदा हवेपेक्षा थंड असतं.

हा अंदाज नेहमी थोडा कमीच येतो. काही अंडी सुकतात, काही दुसरे परभक्षी खातात, काही तुमच्या नजरेतून सुटतात. शिवाय २४ माद्यांमध्ये आजच प्रौढ झालेल्या आणि म्हाताऱ्या झालेल्याही धरल्या जातात. तरी आठवड्या-आठवड्याची तुलना करायला तो भरवशाचा आहे, कारण चूक दर वेळी त्याच दिशेने होते.

यातली खरी गंमत पुढे. खाद्य संपत आलं की मादी लगेच मरत नाही, पण अंडी घालणं लगेच थांबवते. पोटात तयार झालेलं अंडंसुद्धा धरून ठेवू शकते. तिकडे आठवड्यापूर्वीची पिल्लं प्रौढ होत असतात. परिणामी तुमच्या वहीत परभक्ष्यांची सरासरी अजून चढती दिसते आणि मादीमागची अंडी मात्र ३ वरून ०.५ वर आलेली असतात. नुसते प्रौढ मोजणारा म्हणतो, ‘काय मस्त वाढलेत!’ अंडी मोजणाऱ्याला कळतं की वसाहत शिखरावर आहे आणि चार-पाच दिवसांत हे सगळे पान सोडून जाणार आहेत. किडीचे कोळी संपल्यामुळे असं झालं असेल तर आनंदच. पण कीड भरपूर असूनही अंडी घसरली असतील तर कारण शोधा: एखाद्या फवारणीचा उरलेला अंश, कोरडी हवा, फार चढलेलं तापमान, किंवा पानावरची लव आणि चिकटपणा. काही कीडनाशकं प्रौढाला मारत नाहीत, पण अंडी घालणं किंवा उबणं बंद पाडतात. प्रौढांच्या संख्येत ते दोन आठवडे कळतच नाही.

कोरड्या हवेबद्दल थोडं जास्त बोलतो. पर्सिमिलिसची अंडी आर्द्रतेला फार हळवी. सापेक्ष आर्द्रता ६०-७० टक्क्यांच्या खाली सतत राहिली तर उबण्याचं प्रमाण झपाट्याने घटतं. अंडी सुरकुततात, चपटी होतात. मोजताना अशी सुरकुतलेली अंडी वेगळी नोंदवा. दहातली चार तशी दिसली तर नव्याने परभक्षी सोडण्यात अर्थ नाही, आधी हवा सुधारा.

तुमचा चकतीवरचा प्रयोग बरोबर आहे, फक्त तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो: या मादीची क्षमता किती? तो नीट करायचा तर माद्या एका वयाच्या हव्यात. बारा किंवा चोवीस तासांत घातलेली अंडी वेगळी वाढवा, प्रौढ झाल्यावर मादीला नराजवळ एक दिवस ठेवा. या परभक्ष्यांच्या कुळात सहसा मीलनाशिवाय मादी अंडीच घालत नाही. किडीच्या कोळीचं तसं नाही, तिची मीलन न झालेली मादीही अंडी घालते आणि त्यातून फक्त नर निघतात. म्हणून शून्य अंड्यांची मादी दिसली की आधी मीलन झालं होतं का ते विचारा.

पानाची चकती खालची बाजू वर करून ओल्या कापसावर ठेवा, कडेने ओल्या टिश्यूची पट्टी द्या. एका चकतीवर एकच मादी, किमान वीस-पंचवीस चकत्या. २५ अंश, सोळा तास उजेड, ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता. पर्सिमिलिसची मादी दिवसाला वीसेक किडीची अंडी सहज संपवते, त्यामुळे रोज त्याच्या दुपटीने खाद्य ठेवा. चोवीस तासांनी पान रिकामं दिसलं तर तुम्ही प्रजनन मोजलं नाही, उपासमार मोजली. रोज ठरलेल्या वेळी अंडी मोजून काढून घ्या. खाद्य बदलून तुलना करत असाल तर पहिल्या एक-दोन दिवसांची अंडी हिशेबात धरू नका, ती आधीच्या जेवणाची असतात. स्विर्स्कीसारखे सर्वभक्षी परभक्षी परागकणांवरही अंडी घालतात, पर्सिमिलिस नाही. तो किडीच्या कोळीवरच जगतो.

कापसात बुडालेली किंवा पळालेली मादी ‘मेली’ म्हणून लिहू नका. ती ‘हरवली’ असं लिहा आणि तिथवरची नोंद वापरा. माझा ठोकताळा असा की पाचातली एक पळत असेल तर प्रयोगाच्या रचनेतच काहीतरी बिनसलंय: पान शिळं झालंय, खाद्य नकोसं आहे किंवा ओलावा तुटलाय.

विकत घेतलेल्या परभक्ष्यांची प्रत तपासायलाही हीच मांडणी वापरतात. पर्सिमिलिससाठी रूढ असलेला निकष असा: २२ ते २५ अंशांना पाच दिवसांत मादीमागे किमान १० अंडी, आणि प्रौढांत माद्यांचं प्रमाण किमान ७० टक्के. बाटली आली की आधी हे बघा, मग झाडांना दोष द्या.

एवढ्यावर न थांबता वाढीचा दर काढायचा असेल तर जीवनसारणी मांडावी लागते. प्रत्येक वयाला किती टक्के माद्या जिवंत आणि प्रत्येकीने किती ‘मुली’ दिल्या, हे दोन रकाने. मुली, अंडी नव्हे. अंड्यांना माद्यांच्या प्रमाणाने गुणायचं, जे पर्सिमिलिसमध्ये भरपूर खाद्य असताना ८० टक्क्यांच्या जवळ असतं. दोन्ही रकान्यांच्या गुणाकारांची बेरीज म्हणजे एका पिढीची निव्वळ वाढ. आणि आंतरिक वाढदर ‘आर’ (संख्या रोज किती वेगाने वाढते ते) काढायचा तो १९४८ मध्ये बर्च यांनी कीटकांसाठी रूढ केलेल्या समीकरणातून. ते हाताने सोडवायची गरज नाही, स्प्रेडशीटमध्ये ‘आर’ची किंमत बदलत बदलत समीकरणातली बेरीज १ वर आणता येते. नर आणि अवस्थांमधला फरकही धरायचा असेल तर ची आणि लिऊ यांची १९८५ ची दोन-लिंगी सारणी आहे. संशोधन छापायचं असेल तर ती वापरा, शेतासाठी गरज नाही.

या समीकरणातून एक व्यवहाराची गोष्ट कळते. ‘आर’ दिवसाला ०.३ धरला तर आई सात दिवसांची असताना घातलेल्या अंड्याचं वाढीच्या हिशेबातलं वजन सुमारे ०.१२, आणि वीस दिवसांची असताना घातलेल्याचं ०.००२५. जवळजवळ पन्नासपट फरक! म्हणजे मादी एकूण पन्नास अंडी घालते की साठ, यापेक्षा ती पहिलं अंडं कधी घालते आणि पहिल्या आठवड्यात किती घालते, यावर वाढीचा वेग ठरतो. मादी मरेपर्यंत महिनाभर चकत्या सांभाळायची ताकद नसेल तर पहिले दहा दिवस काटेकोर मोजा, बहुतेक माहिती तिथेच मिळते.

चकती आणि झाड यांच्यामधला पूल म्हणून मी पिंजऱ्यातली फांदी वापरतो. बारीक जाळीच्या पिशवीत किडीने भरलेली फांदी घ्यायची, त्यात ठरावीक माद्या सोडायच्या, आणि दहा दिवसांनी फांदी कापून सगळ्या अवस्था मोजायच्या. ४ माद्यांचे ४० जीव झाले तर ४० ÷ ४ चा नैसर्गिक लॉगरिदम भागिले १०, म्हणजे दिवसाला ०.२३, दुपटीचा काळ तीन दिवस. यात पानाची लव, शोधाशोध, मधल्या दिवसांतलं ऊन, सगळं आपोआप धरलं जातं. दोन ठिकाणी किंवा दोन वाणांवर तुलना करायची तर कालावधी सारखाच ठेवा. पाच दिवसांचा आणि पंधरा दिवसांचा दर एका ओळीत मांडता येत नाही.

तर झाडावर चकतीइतकी वाढ का नाही? चकतीवर मादीच्या पायाशी जेवण असतं. झाडावर तिला रिकाम्या पानांवरून चालत किडीची वसाहत शोधावी लागते, आणि तो वेळ अंड्यांतून वजा होतो. रात्री तापमान उतरतं. काही पिल्लं भुकेने किंवा भावंडांच्या तोंडी जातात. चकतीवर ३.५ आणि झाडावर १.२ असा फरक आला तर मी दचकत नाही. १.२ चा ०.३ झाला तर दचकतो.

तुमच्यासाठी पुढच्या चार आठवड्यांचं काम असं धरा. आठवड्यातून एक दिवस, शक्यतो सकाळी, ठरलेल्या झाडांची ६० पानं, तीन थरांतून वीस-वीस. प्रत्येक पानाला चार नोंदी: परभक्ष्याची अंडी, माद्या, बाकी, आणि किडीचे कोळी आहेत की नाहीत. किडीची नेमकी मोजणी फक्त दर तिसऱ्या पानावर करा, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात कंटाळून सोडून द्याल. पानांतलं तापमान आणि आर्द्रता नोंदवणारं छोटं यंत्र मधल्या थरात लटकवा. पहिल्या आठवड्यात ‘माद्या’ रकान्यात शून्यच शून्य आले आणि ‘अंडी’ रकान्यात कुठेतरी पाच-सहा दिसली, तरी पुन्हा परभक्षी सोडायची घाई करू नका. अंडी आहेत म्हणजे त्या आहेत. तुम्ही पान उलटण्याआधीच शेजारच्या पानावर निघून गेल्या असतील.